डावीकडे चिकटलेली वेळ

माझ्या नवऱ्याला वेळ पाळता येते, पण लिहिता येत नाही. कंपनीचा भोंगा व्हायच्या आत तो गेटवर उभा असायचा, पण तीच वेळ लिहायला सांगितली, की तो "पावणेआठ" असं अक्षरांत लिहायचा, नाहीतर मराठी आकड्यांत मधे टिंब देऊन "७.४५", आणि लाडात आला असेल तर "साडेसातच्या पुढं, तू बघ". माणसाला यातलं सगळं समजतं. स्प्रेडशीटला काही समजत नाही. ती याला मजकूर मानते, गावाचं नाव लिहावं तसं डाव्या कडेला चिकटवून ठेवते, आणि बेरीज विचारली की शून्य सांगून मोकळी होते.

हे मी सांगते आहे, कारण माझं पोटच या भानगडीवर चालतं. रोह्याला एका कंत्राटदाराच्या ऑफिसात मी हजेरीचं काम करते. निरनिराळ्या कामांवरचे सुपरवायझर आपापल्या मोबाइलवरून माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा पाठवतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकजण "सकाळी ८" लिहितो, दुसरा "आठ वा.", तिसरा आकड्याच्या मागे एक रिकामी जागा सोडतो, जी डोळ्याला दिसत नाही पण हिशेबाला नडते. त्यांच्या मोबाइलवर सगळं झकास दिसतं. आमच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तीच शीट उघडली की निम्म्या वेळा डावीकडे रुसून बसलेल्या. मग मी मराठी आकडे इंग्रजी करायचे, टिंबाच्या जागी दोन टिंबं घालायची, रिकाम्या जागा काढायच्या. वेळ खरी झाली की आपोआप उजवीकडे सरकते. ते सरकणं बघायला मला फार बरं वाटतं. ऑफिसातले मला टाइमवाली म्हणतात, आणि चुकीची वेळ दिसली की माझं टाळकं कसं फिरतं याच्या नकला करतात. करोत बापडे. पगार वेळेवर होतो ना सगळ्यांचा?

मी आतल्या गावची, वालाच्या आणि भाताच्या शेतातली. नवरा पेणच्या पलीकडचा, खारेपाटातला. त्याच्या घराच्या पुढं तळं, मागं बांध, बांधाच्या पलीकडं खाडी. आजोबा मिठागरावर होते, वडीलही होते. हा शिकून फिटर झाला आणि डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर लागला. आम्ही पेणच्या कॉलेजात एका वर्गात होतो, म्हणून एकटे असलो की मी त्याला अरे-तुरे करते आणि सासूबाईंसमोर अहो-जाहो. मधेच कुणी आलं की वाक्याच्या मध्यावर क्रियापद बदलावं लागतं. सासूबाईंना हे ठाऊक आहे. त्या मुद्दाम न खोकता आत यायच्या.

लग्न झालं तरी माझी नोकरी रोह्याला आणि त्याची डोलवीला. माझी ड्युटी सकाळी लवकर सुरू होते, गाड्या मोजक्या, आणि पावसाळ्यात नागोठण्याला अंबा नदी चढली की रस्त्याचा भरवसा नाही. म्हणून मी रोह्यात कुंडलिकेच्या बाजूला एक खोली घेतली. सासूबाई घर सोडायला तयार नव्हत्या, आणि त्यांना एकटं सोडायला तो तयार नव्हता. कुणाचंच चूक नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. रविवारी मी घरी जायची. पण त्याच्या शिफ्ट फिरत्या. मी पोचावं तर हा दुसऱ्या शिफ्टला निघालेला. हा तिसरी करून आला की झोपलेला, आणि मी त्याच्या उशाशी वर्तमानपत्र आवाज न करता उलटत बसलेली. झोपलेल्या नवऱ्याकडे बघून किती वेळ समाधान मानायचं याला मर्यादा असते.

म्हणून मी शीट केली. त्याची शिफ्ट, माझी ड्युटी, रोह्याहून सुटणारी गाडी, पेणला उतरल्यावर गावाकडची मिनीडोअर रिक्षा मिळेपर्यंतचा वेळ, आणि शेवटचा रकाना: एकत्र. त्या रकान्यात आम्ही दोघं जागे आणि एका घरात असू तेवढे तास. तो मोबाइलवरून भरायचा, मी वाचायची. पुढच्या महिन्यात कुठली शिफ्ट कुणाशी बदलून घेतली तर हे तास वाढतील, ते बघायचं, एवढाच हेतू.

पहिला महिना संपला. दुपारी डबा खाऊन झाल्यावर मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती उघडली आणि बेरीज घेतली. शून्य. वर बघितलं तर सगळा रकाना डावीकडे चिकटलेला. "साडेचार तास." "३.३०." एका रविवारी तर "भरपूर" असं लिहिलं होतं.

मी फोन लावला. "बेरीज शून्य आलीय."

"कशाची बेरीज?"

"आपली. महिनाभर एकत्र शून्य तास."

"काय सांगतेस गो!" तो हसायलाच लागला. "मग त्या रविवारी वांग्याचं भरीत कोणाबरोबर खाल्लं मी?"

"तुझ्या बोटांना दोन टिंबं सापडत नाहीत का रे?"

"एका टिंबानं तुला कळतं का नाय? मग झालं की."

मी चिडले, त्याला अर्धा तास शिकवणी दिली, आणि तो पुढच्या महिन्यातही टिंबच देत राहिला. पालथ्या घड्यावर पाणी. दर महिन्याच्या शेवटी मी बसून त्याच्या वेळा एक एक करून खऱ्या करायची. खरं सांगू? ते काम मला आवडायचं. बाकीच्यांच्या वेळा मी एका झटक्यात बदलून टाकते. त्याच्या मात्र एकेक करून. "साडेचार तास" म्हणजे कुठला रविवार, त्या दिवशी काय बोललो, कशावरून रुसलो, हे आठवत आठवत. मग ते सगळे उजवीकडे सरकायचे आणि खाली एक आकडा उमटायचा. आकडा लहान असायचा. पण आमचा असायचा.

मग आखाताचं निघालं. त्याच्याबरोबरचा एकजण आधी गेला होता, त्यानं ओळख लावली. दोन वर्षांचा करार, मधे सुट्टी नाही. घर पक्कं करायचं होतं, बांधाकडची भिंत दर पावसात ओल धरायची. सगळं मलाही पटलं होतं, मीच त्याच्या पासपोर्टचे कागद तयार केले. पटणं वेगळं आणि सोसणं वेगळं, हे तेव्हा कळलं नव्हतं.

तिकीट मोबाइलवर आलं. तो ते उघडून आईला वाचून दाखवत होता, रविवार होता म्हणून मीही होते. "शुक्रवार रात्री दीड," तो म्हणाला. सासूबाईंनी लगेच कॅलेंडरवर शुक्रवारवर बोट ठेवलं आणि त्यांचा कार्यक्रम ठरवून टाकला. "शुक्रवारी दुपारी जिताडा करू. संध्याकाळी गाडी."

तो मासा घरापुढच्या तळ्यात होता. आमच्याकडे पावसात खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून तळ्यात सोडतात आणि मोठी होऊ देतात. पाहुणा तसाच मोठा असला तरच बाहेर काढतात. हा आमच्या लग्नाच्या वर्षी सोडलेला. सासूबाई रोज सकाळी भांडी विसळायला तळ्यावर गेल्या की त्याच्याशी दोन शब्द बोलायच्या. तो दिसायचा नाही, पण त्या बोलायच्या. शेजाऱ्याचा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, त्यांनी त्याच दिवशी शुक्रवारसाठी सांगून ठेवला. शेजाऱ्याच्याच पोराची गाडी विमानतळापर्यंत ठरली, तीही शुक्रवार संध्याकाळची. नवऱ्यानं शीटमधे शेवटची ओळ स्वतः भरली: "शुक्रवार रात्री १.३०". नेहमीसारखी, टिंब देऊन, डावीकडे चिकटलेली. मी ती बघितली आणि हसून सोडून दिली. शेवटची ओळ त्याच्याच हातची राहू दे म्हटलं.

आता यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही, याचं बाहेरच्यांना नवल वाटेल. पण आमच्या घरात वार उजाडल्यावर बदलतो. शुक्रवारची रात्र म्हणजे शुक्रवार मावळल्यानंतरची रात्र. त्यात बारा वाजोत, दीड वाजो, चार वाजोत, कोंबडा आरवेपर्यंत ती शुक्रवारचीच. सासूबाईंचा उपास तसा, पंचांगातला वार तसा. आणि नवऱ्याचं तर विचारूच नका. तिसऱ्या शिफ्टला शुक्रवारी रात्री जो आत गेला, तो शनिवारी सकाळी बाहेर येईपर्यंत शुक्रवारच्याच हजेरीत. सगळी उमर त्यानं रात्री दीडला शुक्रवारच जगलेला. मी स्वतः महिन्याच्या महिन्याला अशा शंभर रात्री आदल्या तारखेत टाकते.

मला रजा मिळाली ती शुक्रवार आणि शनिवारची. महिनाअखेर होती, साहेबांनी त्यावर एक तास वाढवून दिला नाही. ठरलं असं, की गुरुवारी काम आटपून मी निघायचं, आठच्या सुमारास घरी पोचायचं, रात्र आणि अख्खा शुक्रवार आमचा. त्या आठवड्यात मी काय जेवले, काय ल्याले, मला काही आठवत नाही. मला फक्त तो शुक्रवार दिसत होता. सकाळी उठायची घाई नाही, दोघंही जागे, दोघंही घरात. असा सबंध दिवस आमच्या शीटमधे तोवर एकही नव्हता.

गुरुवारी चारच्या चहाला पगाराचं काम हातावेगळं झालं. चहाचा कप बाजूला ठेवला आणि सहज शीट उघडली. किती तास मिळणार ते बघू म्हटलं. हावरट माणूस ताटात किती वाढलंय ते आधी बघतो, तसं. नवऱ्याची शेवटची ओळ मजकुरात, तिची वजाबाकी होईना. मग मी तिकीट उघडलं आणि त्यावरची तारीख आणि वेळ जशीच्या तशी, नीट, माझ्या पद्धतीनं टाकली. शुक्रवार, शून्य एक, दोन टिंबं, तीस. वेळ शहाण्यासारखी उजवीकडे सरकली. त्यातून विमानतळावर पोचायचे आणि रस्त्याचे मिळून सहा तास वजा केले, त्यातून माझी पोचायची वेळ वजा केली, आणि उत्तराच्या रकान्यात सगळ्या कुंपणाच्या खुणा आल्या. उभ्या-आडव्या रेघांच्या, एकामागून एक.

रकाना अरुंद असला की अशा खुणा येतात. आकडा मावत नाही म्हणून. मला बरंच वाटलं, एवढे तास आहेत की मावेनात! मी रकाना रुंद केला. खुणा वाढल्या. आणखी रुंद केला, आणखी वाढल्या. सबंध पडदाभर कुंपण झालं तरी आकडा येईना. आणि मग मला आठवलं, की या खुणा आणखी एका कारणानं येतात. वेळ उणे असली की. निघायची वेळ पोचायच्या वेळेच्या आधी असली की.

शुक्रवारचा दीड हा शुक्रवार उजाडायच्या आधी येतो. म्हणजे आज. आज रात्री. मी घरी पोचायच्या आधी तो निघालेला असायला हवा होता.

खोटं कशाला सांगू, मला आधी आनंद झाला. कुणाला काही बोललं नाही तर विमान जाईल आणि नवरा राहील. उद्या दुपारी तो अंगणात बसून जिताडा खात असेल आणि त्याचं विमान केव्हाच वाळवंटात उतरलेलं असेल. हे मला इतकं स्पष्ट दिसलं, की मी खुर्चीत नुसती बसून राहिले. मग त्या बांधाकडच्या भिंतीची ओल दिसली, आणि पासपोर्ट हातात घेऊन लहान मुलासारखा हसणारा तो दिसला. मी फोन लावला.

"आज आहे," मी म्हटलं. "विमान आज रात्री आहे. उद्या नाही."

"येडी हायस काय गो? शुक्रवारी रात्री हाय."

"शुक्रवारी रात्री नाही रे. शुक्रवार लागल्या लागल्या. बारा वाजले की त्यांचा शुक्रवार लागतो. तिकीट बघ."

पलीकडे त्यानं तिकीट उघडलं. मागून सासूबाईंचा आवाज येत होता, "काय झालं, काय म्हंतेय ती?" त्यानं आईला सांगितलं असावं. मग त्या फोनच्या जवळ येऊन म्हणाल्या, "असं कसं? उजाडल्याबिगर वार बदलतो व्हय?" मी मनातच म्हटलं, बदलतो आई. बाहेरच्या जगात बदलतो, आणि आपल्याला कुणी सांगत नाही.

पर्स उचलली आणि स्टँड गाठला. साहेबांना काय सांगितलं ते आठवत नाही, पण मला वाटतं मी ओरडले. एसटी मिळाली. नागोठण्यापर्यंत ती बरी आली, पुढं हमरस्त्याला लागली आणि अडकली. रस्त्याचं काम चाललेलं, त्यात एक ट्रेलर आडवा झालेला. दुष्काळात तेरावा महिना. खिडकीतून मला पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. बाजूला एक बाई टोपलीत वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "कुठं जायचं गो बाय?" मी "पेण" म्हटलं आणि रडायलाच लागले. तिनं डोळे पुसायला पदर दिला.

त्याचा फोन आला. गाडी मिळाली होती, बॅग भरली होती, निघतो म्हणाला. "तू कुठं हायस?"

"अजून पोचले नाही."

"मी थांबतो पेणला."

"थांबू नको. चुकेल."

"गप. थांबतो मी."

पेणला हमरस्त्याच्या कडेला, मूर्तींच्या एका कारखान्याच्या पुढं ती गाडी उभी होती. आत अजून रंग न लावलेले पांढरे गणपती ओळीनं दिसत होते, एवढं पक्कं आठवतं, कारण त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मी त्यांच्याकडे बघत होते. सासूबाई मागच्या सीटवर मांडीत डबा घेऊन बसलेल्या. शेजाऱ्याच्या पोरानं गाडी चालूच ठेवली होती. नवरा रस्त्यावर उभा होता, नव्या शर्टात. शर्ट उद्यासाठी इस्त्री करून ठेवलेला, घडी तशीच.

काय काय बोलायचं ठरवलं होतं मी! सबंध शुक्रवारचं बोलणं होतं. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "तुझी शीट किती तास दाखवतेय गो?"

"कुंपण दाखवतेय," मी म्हटलं.

तो हसला. मग त्याचा चेहरा हसता हसता मोडला, आणि रहदारीच्या त्या रस्त्यावर, आईसमोर, त्यानं मला जवळ घेतलं. आमच्यात असं करत नाहीत. सासूबाईंनी डब्याकडे बघितलं. मीही त्यांच्यासमोर पहिल्यांदाच म्हटलं, "नको जाऊस रे." म्हटलं आणि त्याला गाडीकडे ढकललं. दोन्ही मीच केलं.

सासूबाई उतरल्या, डबा त्याच्या हातात दिला. "वालाची उसळ हाय. गुरुवार हाय आज," एवढंच म्हणाल्या. गुरुवारी आमच्या घरात मासळी शिजत नाही. जिताडा काढायला वेळ नव्हता असं नाही, वार नव्हता.

आम्ही दोघी मिनीडोअरनं घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार उजाडला. मला उठायची घाई नव्हती, आणि मी सगळ्यांत आधी उठले. तो कधीच पोचला होता, "पोचलो, उजाडलंय इथं, ऊन हाय" असा निरोप आला होता. घरात पाट्यावर वाटायला काढून ठेवलेला मसाला होता, चिंच भिजत टाकायची राहिली होती. शेजारचा माणूस ठरल्याप्रमाणे पाग खांद्यावर टाकून आला. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. सासूबाई तळ्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. तो गेला, आणि मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

पाणी हललं. तळ्याच्या मध्यावर कुणीतरी खालून वळल्यासारखं झालं आणि पुन्हा शांत झालं.

"आपला एक शुक्रवार ऱ्हायला गो," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवशी आम्ही डाळभात खाल्ला. तो सबंध दिवस मला मिनिटा-मिनिटाला दिसत होता. आता आम्ही बांधावर गेलो असतो. आता तो घोरत असता आणि मी त्याला उठवलं असतं. आता जेवायला बसलो असतो आणि त्यानं डोक्याचा तुकडा आईच्या ताटात टाकला असता. इतकी तपशीलवार आठवण मला घडून गेलेल्या कुठल्याही दिवसाची नाही, आणि हा दिवस तर घडलाच नाही.

त्यानंतर माझी खोली तशीच आहे रोह्यात, रविवारी मी घरी जाते तशीच. आता सासूबाई आणि मी. शीट बंद करायला जीव होईना, म्हणून मी रकाने बदलले. तिकडची वेळ, इकडची वेळ, फोन. त्यांचं घड्याळ आपल्या मागं चालतं. मी जेवून भांडी घासते तेव्हा तिकडे नुकतं मावळत असतं. तो भरतो नेमानं. पण तिकडे त्याला रोज वेळेचा हिशेब इंग्रजीत द्यावा लागतो, आणि सहा महिन्यांत माझ्या शिकवणीनं झालं नव्हतं ते झालं. त्याच्या वेळा बिनचूक यायला लागल्या. इंग्रजी आकडे, मधे दोन टिंबं. सगळा रकाना उजवीकडे, शिस्तीत.

पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी तोंड फिरवून बसले. टाइमवालीला यापेक्षा काय हवं? पण मला त्याचं ते "साडेसातच्या पुढं, तू बघ" हवं होतं. त्यात "तू" तरी होतं. आता महिनाअखेरीला मला त्याच्या वेळांवर हात फिरवावा लागत नाही. बेरीज आपोआप येते, क्षणात, आणि माझ्याकडे करायला काही उरत नाही. मला तो फार आठवतो. हे मी फोनवर सांगत नाही, कारण तोही मग जेवत नाही.

परवा ऑफिसात शीट उघडली तर खाली एक नवी ओळ दिसली. डावीकडे चिकटलेली. मराठी आकडे, मधे टिंब: "मंगळवार रात्री २.१०".

मी लगेच तिकीट मागवलं, पाहिलं, पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. मग फोन लावला आणि पहिलं वाक्य ओरडूनच आलं, "मंगळवार म्हणजे कुठला मंगळवार?"

"आयच्या हिशेबाचा," तो म्हणाला. "मंगळवारी रात्री जागायचं. बुधवार उजाडेस्तोवर मी घरात."

करार संपवून नाही, वाढवून येतो आहे. महिन्याची रजा, आणि परत जायचं. ते आता नको बोलायला. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी वार विचारला, मग बोटावर मोजलं, आणि बुधवारी कुणाचा उपास नाही याची खात्री करून पाग सांगायला शेजारी गेल्या. जिताडा आता केवढा झाला असेल कोण जाणे, त्या त्याच्याशी जवळपास सुनेशी बोलतात तितकंच बोलतात.

ती ओळ मी खरी केलेली नाही. ती डावीकडेच राहील, बेरजेत धरली जाणार नाही, आणि माझं टाळकं फिरणार नाही. कॅलेंडर मात्र मी काढून बघितलं. त्याच्या रजेत चार शुक्रवार येतात. चारही आमचे, सबंध, दोघं जागे आणि एका घरात. देवानं एवढं दिल्यावर माणसानं गप्प बसावं. पण मी हावरट आहे, मला तो पाचवाही हवा आहे, तो गेलेला.